खेळातली खिडकी

दि. ३ जून

चि. ठकीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तू जाताना टॅबलेटमध्ये घरं बांधायचा खेळ घालून गेलीस. गुडघ्याने घरी बसवलेल्या गवंड्याला भाचीने खेळणं द्यावं, काय दिवस आले! पण खेळ बरा आहे. समुद्रात एक बेट, त्यावर मनाला येईल ते बांधा. घाई करणारा मुकादम नाही, स्लॅब कधी म्हणून डोकं खाणारा मालक नाही, गुण नाहीत, हरणं नाही. मी पाया खणायला गेलो तर पायाही लागत नाही!

तुझी मामीही दुपारी खेळते. पंधरा दिवस खपून तिने एक घर उभं केलं. काल टॅबलेट जेवणाच्या टेबलावर उभा केला आणि समोर ओळंबा धरला. दोरी सरळ, भिंत तिरकी! चाळीस वर्षांत तिरकी भिंत मी ठेवली नाही. घर पाडलं आणि नवं बांधून दिलं. कौतुक राहिलं बाजूला, बाईसाहेबांनी अबोला धरलाय. जेवण वाढते, बोलत नाही. तूच समजाव तिला.

तुझा, मामा

दि. ५ जून

चि. ठकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मामांचं रडगाणं पोचलं असेलच. खेळ दिलास, तुझं भलं होवो. चार विटा लावाव्यात, कंटाळा आला तर समुद्र बघत बसावं, कुणी काही म्हणत नाही.

मी घर बांधलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी. तीस वर्षं भर दुपारी दिवा लावून भाजी चिरते आहे. खिडकी मागितली की यांचं एकच, त्या भिंतीवर वरचा भार आहे. जगाला खिडक्या काढून दिल्या, आमच्या नशिबी भिंत. यांनी नवं घर बांधलं त्यातही तिथे सलग भिंतच! आधी राग आला. आता तोही गेला. मागणंच सोडलं मी. यांना सांगू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.

मामी

दि. ९ जून

ती. मामांस सा. न. वि. वि.

मामा, धन्य आहात! खेळातली भिंत जन्मात तिरकी होत नाही. तुमच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मामीने सांगू नकोस म्हटलंय, म्हणून तिचं पत्रच सोबत पाठवते. खिडकीचं वाचा. ती रागावली असती तर मी हसले असते, पण मागणं सोडलं म्हणते. ते वाचून मला रडू आलं.

आशीर्वाद असू द्या.

ठकी

दि. २४ जून

चि. ठकीस आशीर्वाद, आणि कान पकडून माफी.

पत्र तीनदा वाचलं. खरं सांगतो, भाराचं काही नव्हतं. वर तुळई टाकून असल्या भिंतींतून शेकडो खिडक्या काढल्या मी. दिवसभर लोकांच्या विटा रचून आल्यावर घरची वीट डोळ्यांपुढे नको वाटायची, म्हणून भाराचं निमित्त केलं. एकदा केलं ते तीस वर्षं चाललं.

सोमवारी खडू घेऊन तिच्यापुढे गेलो, कुठे काढू विचारलं. बोलली नाही. टॅबलेट उघडून पुढे सरकवला. तिने ते पाडलेलं घर पुन्हा बांधलं होतं. त्यातली खिडकी पाहून तशीच भिंतीवर खूण केली. मी हातभर उजवीकडे घेतली असती, पण तोंड बंद ठेवलं. दोन जुने जोडीदार फोडायला आले. मी स्टुलावर बसून हुकूम सोडले, कडांचा गिलावा मात्र स्वतः केला. गुडघा कुरकुरला, कुरकुरू दिला.

काल चौकट बसली. दुपारी ती ओट्याशी आली. दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात तसाच खाली आला. मग वळून माझ्याकडे बघत राहिली. तीन आठवड्यांनी बोलली. म्हणाली, किती हो वाळलात तुम्ही, दिव्याच्या उजेडात कधी दिसलंच नाही.

पुढे लिहवत नाही. आम्हा दोघांवर जीव असू दे.

तुझा, मामा