माळ्याची कडी

महाड,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय ललू,

तुझं पत्र आणि नाचणीचे लाडू कालच्या पोलादपूर गाडीने पोचले. तूप जरा हात राखून घातलंयस, तरी चार संपवले. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी बरी आहे.

तुझ्या श्रियाला हरीच्या मुलाचं, श्रेयसचं स्थळ आलंय आणि "मामी हो म्हणाली तरच पुढे बोलू" असं तू लिहिलंस. वाचून आपण चौघं रायगडावर गेलो तो दिवस आठवला. तेव्हा रोपवे कुठला! हिरकणीवाडी सोडली आणि तुझे पाय दुखायला लागले. तुझा दादा आपल्या दोघींच्या पिशव्या घेऊन पुढे, आणि त्याचा जिवलग हरी मागून मास्तरांच्या नकला करत होता. वर पोचल्यावर भरतने स्वतःच्या वाटणीचं ताक मला दिलं. लग्न करीन तर ललूच्या दादाशीच, हे मी तिथेच ठरवलं. किती सुखात होतो गं आपण.

मी विषय टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

श्रेयसचं एक लग्न झालंय, पुण्यात. ती मुलगी मार खाऊन चार महिन्यांत माहेरी परतली. हरीने ते झाकून ठेवलंय, आणि मी तुला 'घर चांगलं आहे' असं कळवावं म्हणून माझ्या मागे लागलाय. नाही कळवलं तर एकवीस सालच्या पुरात काय झालं ते तुला सांगेन म्हणतो. म्हणून मीच सांगते.

त्या सकाळी भरत तुझ्याकडे यायला निघाला आणि हरी आमच्याकडे आला. पहिल्यांदा नव्हे, दोन वर्षं येत होता. हे लिहिताना माझी मला लाज वाटतेय. पाणी घरात शिरलं तसे आम्ही दोघं माळ्यावर चढलो आणि झडप लावली. तुझ्या माहेरची रीत तुला माहीतच आहे. साप वर चढू नयेत म्हणून झडप बंद ठेवायची, मागून येणाऱ्याने खालून तीनदा ठोकायचं, वरच्याने कडी काढायची. रस्ता बुडाला म्हणून भरत अर्ध्यातून परत आला. त्याने तीनदा ठोकलं.

"चारू, उघड गो. मी हाय."

माझा हात कडीवर होता. हरी पुटपुटला, "नको. शेजारी जाईल तो." मी हात काढून घेतला. भरतने पुन्हा तीनदा ठोकलं. नंतर दोनदाच.

स्कूटर वाचवायला गेला आणि वाहून गेला, असं लोक म्हणाले. मीही तेच सांगितलं. तेराव्याला तू माझं डोकं मांडीवर घेतलंस, तेव्हाही.

श्रियाला त्या घरात देऊ नकोस. उद्या हे सगळं लिहून मी पोलीस ठाण्यात देणार आहे, म्हणजे हरीच्या हातात काही उरणार नाही. माझं तोंड पाहू नकोस, मला शिव्या घाल. माझी तक्रार नसेल.

एक मात्र राहिलं. "तू वर आहेस हे दादाला कळलंच नसेल, नाहीतर तो वर आला असता," असं म्हणून तू माझी समजूत घालायचीस. त्याला कळलं होतं, ललू. झडपेच्या फटीतून माझा पदर खाली लोंबत होता. तो भिजू नये म्हणून त्याने खालून वर सारून दिला.

तुझ्या दादाची,
चारुशीला