'आपलं' लिहायचं नाही म्हणे

हे मृत्युपत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे आणि चौथ्यांदा लिहिणार नाही, मग कोणी काही का म्हणेना. पहिल्यांदा नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने कागद परत केला तो समास कमी सोडला म्हणून. दुसऱ्यांदा केला तो एका शब्दासाठी. मी लिहिलं होतं, "कोर्टामागच्या गल्लीतलं आपलं घर." त्याने पेनाच्या टोकाने तो शब्द टोचला, जसं काही कागदावर झुरळ बसलं आहे.

"बाई, 'आपलं' चालत नाही. 'माझं' लिहा, नाहीतर 'आमचं' लिहा. 'आपलं' म्हणजे वाचणाऱ्याचंही झालं. उद्या मीच हक्क सांगायला आलो तर?"

"या की," मी म्हटलं. "पण आधी छप्पर गळतंय ते बघा."

मागची रांग हसली. त्याने उचललेला शिक्का खाली ठेवला. म्हणून घरी येऊन पुन्हा लिहायला बसले. शब्द तोच ठेवला आहे. का ठेवला ते पुढे येईल. कायद्याला घाई असेल तर त्याने थोडं थांबावं, मी कायद्यासाठी तीस वर्षं दारात उभी राहिले आहे.

तर, मी खाली सही करणारी, वय त्रेपन्न, लग्न केलेलं नाही, धंदा या कोर्टात पुकारा करणं, लिहून ठेवते की माझं डोकं जागेवर आहे. घसा नाही. घशात गाठ आहे आणि येत्या एकोणीस तारखेला, बुधवारी, ती काढणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जीव वाचेल. आवाजाचं सांगत नाही." मी म्हटलं, "मग वाचून करू काय?" त्या म्हणाल्या, "लिहा." म्हणून लिहिते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. ज्याने एकदा आणून पाहिला तो कलम तीनमध्ये आहे.

शिक्षण पहिली. पण पहिलीत मी तीन वर्षं होते, कारण सरकारने ठरवेना की शाळा कुठल्या भाषेत भरवायची. एक वर्ष वरच्या म्हणजे डोंगरातल्यांच्या भाषेत, एक नदीकाठच्यांच्या, एक मधल्या म्हणजे आमच्या. दरवर्षी पुन्हा पहिल्या धड्यापासून. तिन्ही भाषांत मला "कमळ" लिहिता येतं, त्यापुढचं मी पाट्या वाचून शिकले. शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्याने सरकारच्या काढाव्यात.

कलम एक. घर.

मिळकत कशी मिळाली ते लिहा असं छापील नमुन्यात आहे. लिहिते.

राजाच्या वेळी कोर्टाची भाषा एकच होती, राजाची, आणि ती राजा आणि त्याचे वकील सोडून कोणाला येत नव्हती. वडील सांगायचे, शिक्षा झालेला माणूस बाहेर येऊन हमालांना विचारायचा, "मला काय झालं हो?" वडील नदीच्या उताराच्या धक्क्यावर हमाल होते. धक्क्यावर वरचे डोंगरातून लाकूड आणत, काठचे होड्या लावत, मधले दोघांशी घासाघीस करत. त्यामुळे वडिलांना तिन्ही भाषांत शिव्या येत होत्या, आणि शिव्या आल्या की बाकीचं आपोआप येतं.

मग राजा गेला. तिन्ही मुलुखांचा करार झाला, तो आमच्याच कोर्टात झाला, कारण हे गाव मधोमध पडतं. कराराची पहिली ओळ होती, "आपण तिन्ही मुलुखांची माणसं." ठरलं की सरकार चार महिने वरती बसेल, चार काठाला, चार इथे. दप्तरांच्या गाड्या यायच्या, खुर्च्या यायच्या, मागून मंत्री यायचे. एका मंत्र्याची खुर्ची कायम चुकीच्या मुलुखात राहायची, तो आमच्या घरचं स्टूल मागून न्यायचा. परत करताना पुसून द्यायचा. असे मंत्री होते तेव्हा.

आणि ठरलं की कोर्टात माणसाला त्याच्या भाषेत हाक मारायची. प्रत्येक भाषेत तीनदा. तीन त्रिक नऊ हाका. मधल्या भाषेत म्हणायचं "हजर हो". वरच्यांत हजर हा शब्द नाही, ते म्हणतात "पाय दाखव". काठचे म्हणतात "काठाला लाग". नऊ हाका मारूनही आला नाही तरच एकतर्फी निकाल. या कामाला वडिलांना उचललं आणि कोर्टामागच्या दोन खोल्या त्यांच्या नावे कायमच्या करून दिल्या. ते हे घर.

या घराच्या मागच्या दारात आम्ही दोघी बहिणी हाकांचा सराव करायचो. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. काठची हाक तिची, मधली माझी, वरची दोघींची मिळून, कारण ती डोंगरातल्यासारखी फार लांबवावी लागते आणि एकीचा दम पुरायचा नाही. समोरच्या भिंतीवरून आवाज परत यायचा. वडील आतून ओरडायचे, "मुद्दई घाबरून पळेल! हाक मारता की धाड घालता?" एकदा आमच्या हाकेने खरंच एक म्हातारा काठी टेकत मागच्या दाराशी आला आणि म्हणाला, "आलो, आलो, शिक्षा किती?" ताईने त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "आजोबा, सुटलात." तो आनंदाने घरी गेला. माझ्या उभ्या आयुष्यात त्या कोर्टात इतका चांगला निकाल मी ऐकला नाही.

कलम दोन. किरकोळ वस्तू.

पितळी घंटा कोर्टातल्या दप्तरीबुवांना. ते ती रोज सकाळी चोरून घासतात हे मला माहीत आहे. वडिलांची छत्री झाडूवालीला, तिची छत्री तिने माझ्यावर धावून आलेल्या कुत्र्यावर मोडली होती. पोस्टात जे आहे त्यातून दवाखान्याचं भागवावं, उरेल ते बहिणीला. मी मेले तर भाषणं नकोत, एकाही भाषेत.

कलम तीन. साहेब.

अठरा वर्षांपूर्वी एक-भाषा सरकार आलं. अकरा महिने टिकलं, पण तेवढ्यात पाट्यांवरच्या दोन भाषा डांबराने पुसल्या आणि कराराची पहिली ओळ बदलली. "आपण" काढून "आम्ही" घातलं. काठच्यांना कळेचना काय बदललं, कारण त्यांच्या भाषेत आपण आणि आम्ही या दोन्हींना शब्द एकच आहे. वरच्यांच्या भाषेत मात्र तीन आहेत. एक म्हणजे मी आणि तू. दुसरा म्हणजे मी आणि माझे, तू नाहीस. तिसरा म्हणजे सगळे, मेलेले धरून. करारात तिसरा होता, तो काढून दुसरा घातला. आपल्या मेलेल्यांना देशाबाहेर काढलं म्हणून वरचे पेटले, आणि एकाही कचेरीला दार म्हणून उरलं नाही.

नवी ओळ कोर्टाच्या पायऱ्यांवर वाचायला मला उभं केलं. कागदावर "आम्ही" होतं. तोंडातून "आपण" गेलं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "पुन्हा म्हण!" आणि मी पुन्हा म्हटलं.

कोर्टाच्या साहेबाने आत बोलावलं. "काय लिहिलंय?"

"आम्ही."

"मग वाचलंस काय?"

"आपण."

"का?"

"साहेब, 'आम्ही' म्हणून हाक मारता येत नाही. हाकेला समोर माणूस लागतो."

त्याने मला त्याच दिवशी घरी बसवलं. सरकार पडलं तेव्हा परत घेतलं, पण साहेब तसाच राहिला, फक्त कोट बदलला. आता निवृत्त आहे आणि सकाळी फिरताना मला "कशा आहात?" विचारतो. त्याला माझी एक पाय आखूड असलेली खुर्ची द्यावी. बसताना कळेल.

कलम चार. पत्र.

वडील त्याआधी दोन वर्षं गेले होते आणि घर माझ्या नावावर झालं होतं. ताईला काठाला देऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. मी घरी बसून तिसरा महिना, गल्लीतले लोक बोलायचे बंद झालेले, आणि तिचं पत्र आलं. पत्र माझ्यासमोर आहे, त्यातलं जसंच्या तसं उतरवते:

"तुला कामावरून काढल्याचं ऐकलं. घाबरू नको. आमचं घर आहे ना. आम्ही बघू काय करायचं ते."

मी ते उभ्यानेच वाचलं. आमचं घर! आम्ही बघू! एका "आपण"साठी मी नोकरी घालवून बसले आणि सख्खी बहीण मला लिहिते की घर त्यांचं आहे आणि काय करायचं ते तिच्या सासरचे बघतील. मी उलट टपाली लिहिलं, "तुम्हीच बघा. मी तुम्हाला मेले." त्यानंतर तिची दोन पत्रं आली. दोन्ही न फोडता परत केली. पोस्टमन म्हणाला, "अहो, बहीण आहे." मी म्हटलं, "तुम्ही पत्रं वाटा, नाती वाटू नका."

अठरा वर्षं झाली. बोलणं नाही, येणं नाही.

कलम पाच. होडीवाला.

हे कलम नमुन्यात बसत नाही असं कारकून म्हणाला. बसवावं.

तीन महिन्यांपूर्वी काठचा एक होडीवाला साक्षीला आला होता. दुपारची सुट्टी झाली, त्याने बाकावर डबा उघडला आणि मला आमच्या भाषेत म्हणाला, "बाई, बसा. आम्ही जेवू."

"जेवा की. मी कुठे हात धरलाय?"

तो तसाच बसून राहिला, घास तोंडाशी नेईना. "बसा ना. आम्ही जेवू."

"अहो, जेवा म्हटलं ना तुम्ही!"

"एकटा कसा?" आता तो चिडला. "आम्ही म्हटलं मी! आम्ही!" आणि त्याने एक बोट माझ्याकडे केलं, एक स्वतःकडे, मग दोन्ही बोटं डब्याकडे.

मी बाकावर बसले. बसले ती सुट्टी संपल्याची घंटा मीच द्यायची विसरले.

आमचं घर आहे ना. आम्ही बघू काय करायचं ते. म्हणजे तू आणि मी, गं. आपलं घर. आपण बघू.

काठच्यांकडे शब्द एकच आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. काठच्या साक्षीदारांचे शब्द मी वकिलांना रोज समजावून देते. पण ताई माझ्यासाठी काठची नव्हतीच, ती मागच्या दारातली होती. बारा वर्षं त्यांच्या भाषेत राहून, त्या भाषेत पोरं रागावून तिचीही जीभ वळली असेल, हे मनातच आलं नाही. अख्ख्या देशाला तीन भाषांत हाका मारणारी मी, आणि मला बहिणीच्या चार ओळी वाचता आल्या नाहीत. साहेबाला एक खुर्ची दिली, मला काय द्यावं ते कोणी सांगत नाही.

कलम सहा. वाटणी.

कोर्टामागच्या गल्लीतलं आपलं घर माझ्या बहिणीला. मी मेल्यावर नाही, ती दारात उभी राहील त्या घडीपासून. मी जगले तर दोघींचं, मधे भिंत घालायची नाही. मेले तर सगळं तिचं.

ती आली नाही तर एकतर्फी निकाल. घर कोर्टाला परत. त्यात ते भोंग्याचं यंत्र ठेवणार आहेत. कोर्टाने नवा भोंगा घेतला आहे, त्यात एका बाईचा आवाज भरलेला आहे, आणि तो प्रत्येक भाषेत एकदाच हाक मारतो. नऊ हाकांच्या जागी तीन. तिसऱ्या हाकेला माणूस अजून चपला शोधत असतो. त्या यंत्राला मी आमच्या झोपायच्या खोलीत बघू शकत नाही, पण नियम तो नियम. तीस वर्षं मी दुसऱ्यांना लावला.

नऊ हाका ही मिळकत धरता येते का असं मी विचारलं, तर कारकून म्हणाला नाही. तरी लिहिते: त्या ताईला. तिला येतात. वरची हाक तिला एकटीला झेपणार नाही, पण तेव्हा माझ्याकडे आवाज असेल की नाही माहीत नाही, म्हणून आधी ये.

साक्षीदार पहिला: दप्तरीबुवा, कोर्टाचा दप्तरखाना. सही.

साक्षीदार दुसरी: झाडूवाली. अंगठा. (सही येते, पण अंगठा जास्त खरा असं तिचं म्हणणं.)

मृत्युपत्र करणारी: पुकारेवाली. सही, मधल्या भाषेत.

ठिकाण: कोर्टामागची गल्ली, मागच्या दारात बसून. तारीख ३, सोमवार.

ता. क. ताई, याची नक्कल तुला पाठवते आहे. गेल्या वर्षी काठच्या एका कागदावर साक्षीदार म्हणून तुझी सही दप्तरीबुवांना दिसली, पत्ता तिथूनच काढला. आठ हाका मी या अठरा वर्षांत मनातल्या मनात मारल्या असतील, मोजल्या नाहीत. ही नववी. हजर हो. पाय दाखव. काठाला लाग. मंगळवार, अठरा तारीख, कोर्ट उठायच्या आत तू तरी ये, नाहीतर उत्तर तरी येऊ दे. मोठं पत्र नको, "आमच्या घरी येते" एवढंच लिही. या वेळी मी बरोबर वाचीन.