समोर येऊन बोल

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. ते डोक्याचं करणं बंद कर, कुणाला कळायच्या आत गुपचूप घरी ये, थोडा आराम केलास की आपोआप जाईल, असा. तर आधीच सांगून टाकतो, नाही येणार. बंदही करणार नाही. बाबांना सांग, काकांना सांग, तुझ्या डोक्यावर उभं राहून ज्यांनी ज्यांनी तो निरोप धाडायला लावला त्या सगळ्यांना सांग. नाव तुझं होतं, शब्द काकांचे होते. ‘चारचौघांत आपली अब्रू’ वगैरे तू कधी बोलत नाहीस. तू फार तर म्हणाली असतीस, गाढवा, जेवलास का. फोन केला की काका तो स्पीकरवर टाकतात, म्हणून हा कागद.

अक्षराला हसू नकोस, शिकवणारी तूच. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हे अजून ठरायचंय, पण लिहायला शिकलो ते तुझ्या शिवणाच्या खडूने, काळ्या कापडाच्या तुकड्यांवर. दुपारी तुझ्या मशीनखाली चिंध्यांचा ढीग करून मी लोळायचो. वर तुझे पाय चालायचे, मशीन धडधडायचं, आणि मला अशी झोप लागायची की तशी परत कुठे लागली नाही. काय शिवतेस गं, विचारलं की म्हणायचीस, तुझं तोंड. घरातले तुला घुमी म्हणायचे. हाक मारली तर तू ओ द्यायची नाहीस. दोनदा, तीनदा हाक, तरी मान वर नाही. मग कुणी चिडून दारात येऊन उभं राहिलं की त्याच्या तोंडाकडे बघून म्हणायचीस, समोर येऊन बोल. काकांना तर तो अपमानच वाटायचा. आपली ताई कुणाला भीत नाही, एवढंच मला तेव्हा कळायचं.

आता माझं ऐक, कारण तुला तिकडे अर्धवट आणि तिखटमीठ लावून सांगितलेलं असणार. आमच्या वर्कशॉपात लोखंडी जिने आणि कठडे बनतात. वेल्डर मामा जोड मारतात, मी ग्राइंडरने तो घासून गुळगुळीत करतो. मामा नात्याने कुणाचेच नाहीत, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात. काम करताना त्यांच्या तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा असतो. कितीतरी महिने मला ऐकू यायचं, त्या मुखवट्याआडून ते माझ्याबद्दल बोलतात. हा कुचकामी आहे, ह्याला कुणी ठेवला, ह्याच्या हातून एक दिवस माणूस मरणार. हुबेहूब मामांचा आवाज. एका सकाळी मी सरळ जाऊन त्यांची कॉलर धरली. मामांनी मुखवटा वर केला. गाल टम्म सुजलेला, आदल्या दिवशी दाढ काढलेली, तोंडात कापसाचा बोळा. ज्याला पाणी गिळता येत नव्हतं तो मला शिव्या काय घालणार. मी कॉलर सोडली. मामा माझ्याकडे बघत होते, तोंड मिटलेलं, आणि मामांचा आवाज चालूच होता.

दुसरा कुणी असता तर मला तिथेच लोळवला असता. मामांनी मनगट धरून मला पाइपांच्या ढिगावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसून राहिले. बोलता यायला लागल्यावर पहिली गोष्ट काय बोलले तर, माझ्या भावालाही असंच व्हायचं, आम्ही लोकलाजेपायी त्याला खोलीत ठेवला, खोलीतच संपला, तू चल माझ्याबरोबर. फोरमन म्हणाला, मामा, ज्याने गळा धरला त्यालाच दवाखान्यात नेताय होय. मामा म्हणाले, मग काय तुला नेऊ.

आधी गोळ्या दिल्या. थोडं उतरलं, पण दोन आवाज काही हटेनात, चिवट. मग डॉक्टरीणबाईंनी हे डोक्याचं सुचवलं. काका म्हणतात करंट देतात, मेंदू भाजून निघेल. काकांना म्हणावं, शॉक वेगळा, हे वेगळं, आणि भाजतबिजत काही नाही. खुर्ची असते, दाढीच्या दुकानातल्यासारखी. अंगावरचं सगळं लोखंड बाहेर काढून ठेवायचं. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, तेसुद्धा खोदून खोदून विचारलं आणि तपासून घेतलं. मग कानात बोळे घालतात आणि डाव्या कानाच्या जरा वर, डोक्याला लावून, आठच्या आकड्यासारखं एक वेटोळं धरतात. त्यात चुंबकाची ताकद. टक. टक. टक. कुणी डोक्यावर टिचकी मारत बसावं तसं वाटतं, गालाचा कोपरा उडतो, उठल्यावर थोडं ठणकतं. मी टक्क जागा असतो. कुणी बोलत नसताना ऐकत बसतो तो मेंदूतला कोपरा जरा निवू द्यायचा, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हेही सांगितलं की सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि गोळ्या सोडायच्या नाहीत. सरळ बोलतात, समोर बसून.

गेले का आवाज, म्हणशील. नाही गेले. पण पूर्वी कानात तोंड घालून बोलायचे, आता भिंतीपलीकडच्या भाडेकरूसारखे कुरकुरतात. आत्ता लिहितानाही एक जण म्हणतोय, ती वाचणार नाही, फाडून टाकेल. म्हटलं, फाडू दे, मी दुसरं लिहीन. पूर्वी मी ह्यांच्यापुढे मान खाली घालून बसायचो. आता उलट उत्तर देतो. ह्यांना देतोय तर काकांना द्यायला मला काय जड आहे.

तिथल्या मशीनवाल्या बाईंनी एकदा सहज विचारलं, इतके दिवस आवाज दाबायला काय करायचास. मी म्हटलं, ग्राइंडर रिकामा चालवायचो. हातात काम नसलं तरी बटण दाबून धरायचो, त्या घरघरीत काही ऐकू यायचं नाही. फोरमन ओरडायचा, हवा घासतोस काय रे. मी सांगत होतो, हसतही होतो. बाई वेटोळं लावत होत्या. टक. टक. तू जाड कापड आलं की चाक हाताने फिरवून एकेक टाका घालायचीस ना, अगदी तसा आवाज. डोळे मिटले आणि मी थेट तुझ्या मशीनखाली.

ताई, एका दुपारी मी चिंध्यांतून उठून वर बघितलं होतं. तुझे पाय जोरात चालले होते. सुई वरखाली होत होती. खाली कापड नव्हतं. सुईत दोरा नव्हता. रिळाचा खिळासुद्धा रिकामा. तू समोरच्या भिंतीकडे बघत होतीस, ओठ घट्ट मिटून. मला वाटलं मशीन तपासतेस. मी परत झोपलो. मग हेही आठवलं की घरात शिवायला काही आलेलं नसायचं, तेव्हाही दुपारभर मशीन धडधडायचंच. आणि तू हाकेला ओ का द्यायची नाहीस, तेही आता कळलं. मीही देत नाही आता. आधी बघतो, तोंड हलतंय का.

हे पत्र माझ्या ट्रीटमेंटचं नाही. ती मी पुरी करणार, त्यात तुझी परवानगी नको. मी हे अजून कुणाला बोललेलो नाही, मामांनाही नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही, आणि तू म्हणालीस तर कधीच बोलणार नाही. पण तुला ऐकू येतं ना, एवढं मला सांग. कधीपासून, कुणाचा आवाज, काय म्हणतो, सांगायचं नसेल तर नको सांगूस. तू म्हणशील ते मला खरं वाटतं, एवढं तुला सांगायचं होतं. तुला आजवर कुणी हे म्हणालं नसेल. तू एकटीने इतकी वर्षं बिनदोऱ्याचं मशीन चालवलंस आणि सगळे तुला घुमी म्हणत राहिले. मी घरी येत नाही. तूच इकडे ये. मामांच्या बायकोने, मामींनी, त्यांच्या खोलीत तुझी सोय करते म्हणून सांगितलंय. त्यांना एवढंच माहीत आहे की माझी बहीण येतेय. काका विचारतील, कशाला चाललीस. सांग, भावाला समजावून परत आणायला. आणि मी चुकत असेन, असलं काही तुला नसेल, तर मला कानफटात मार. पण ते कागदावर नको, फोनवर नको. समोर येऊन बोल.

तुझाच,
मशीनखालचा गाढव