रोहिदासच्या वाटणीच्या बैठका

चिखली, २ जून

ती. सौ. आईंना तनुजाचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. यांना साखर निघाली आहे. पुढच्या महिन्यात कंपनीची डॉक्टरी तपासणी. तीत पास झाले तरच कायम होतील, नाहीतर पुन्हा कंत्राटावर. डॉक्टर म्हणाले, दोघांनी मिळून घरीच व्यायाम करा.

मी खो-खो खेळलेली, आणि जोर काढताना यांचं पोटच आधी जमिनीला टेकतं. यांनी चाकणच्या कारखान्यातली युक्ती काढली. लाइनवर एखादा हळू असला की त्याचं काम शेजारच्याला देतात, माल तेवढाच निघतो म्हणे. तेव्हापासून यांचे जोर, बैठका सगळं माझ्याकडे. हे खुर्चीत बसून मोजतात आणि शेवटी घाम पुसतात! तुम्हीच चार शब्द सुनवा.

ती. बाबांना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
तनुजा

औसा, ११ जून

चि. सौ. तनुजास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव कासावीस झाला. रोहिदासला मी काय सुनावणार? लहानपणी त्याला ताप आला की कडू काढा मीच प्यायचे, आणि त्याचा ताप उतरायचाही.

तू एकटीनं किती ओढशील? नवऱ्यासाठी उपास केला तर त्याला फळ मिळतं, मग बैठकांचं का मिळू नये? सोमवारपासून मी मारुतीच्या पारावर सुरुवात केली. भजनी मंडळातल्या यशोदाबाई, सोजराबाईही आल्या. हातावर पाणी घेऊन आधी सांगायचं, या रोहिदासच्या, आणि मग वाकायचं. तुझे सासरे हसत होते. आता तेही घालतात आणि त्यांचा पायजमा सैल झाला आहे. रोहिदासला म्हणावं, निवांत जेव.

लेकीसारखी आहेस, कळवत राहा.

शालनबाई

चिखली, ७ जुलै

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

कंपनीच्या तपासणीत साखर वाढलेलीच निघाली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम करता का? मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, मग तुमच्या आईलाच कायम करून घेऊ. तीन महिन्यांची मुदत मिळाली आहे.

मला वाटलं तनुजा रागावली. काल रडतच म्हणाली, नोकरी गेली तर जाऊ दे, तुम्ही जायचं नाही. मलाही फार वाईट वाटलं. तरी आई, मंडळात अजून काही बायका मिळतील का?

तुझाच,
रोहिदास

औसा, १५ जुलै

चि. रोहिदासास आशीर्वाद.

बायका मिळणार नाहीत. व्रत संपलं, आता उद्यापन. ज्याच्यासाठी केलं, त्यानं प्रत्येकीच्या बैठका फेडायच्या, तनुजाच्या सगळ्यात आधी. जोडीनंच करायचं; तिनं तुझ्या वेगानं जायचं, तू खुर्चीला धरलंस तरी चालेल. कोणत्या पोथीत आहे ते विचारू नकोस, मीच ठरवलं आहे.

बाळा, तुझ्यासाठी मी उपाशी राहीन, पारावर लोकांसमोर वाकेन. पण तुझ्या रक्तात शिरून साखर काढता येत नाही रे मला. फार भीती वाटते.

पत्र खाली ठेव आणि ऊठ.

तुझी आई