शेक झाला, असं तू सांगितलंस

प्रिय आई,

तू जाऊन, तुझं पुण्यानुमोदन होऊन सहा वर्षं झाली आणि मी आत्ता कुठे तुला पत्र लिहायला बसलेय. तेही भांडायला! रविवारी मावशी जे बोलून गेली ते पोटात ठेवून चार दिवस मी घरातल्या माणसांवर खेकसतेय. त्यांची काय चूक? भांडण तुझ्याशी आहे, ते तुझ्याशीच करते.

आधी बातमी. मलाही तेच झालं गं. छातीचा कॅन्सर. तुला डाव्या बाजूला झालं, मला उजव्या. ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले, काखेतल्या गाठीही काढल्या. रडू नकोस, डॉक्टर म्हणतात लवकर सापडलं. तुझं झाल्यापासून मी दर महिन्याला स्वतःला तपासत होते, म्हणून सापडलं.

ऑपरेशनने छळलं नाही एवढा आता हा हात छळतोय. टाके सुकले, जखम भरली, मी म्हटलं सुटले. एका सकाळी फडताळातला डबा काढायला हात वर केला आणि काखेत काहीतरी तटकन ताणलं. आरशात बघते तर कातडीखाली दोरी! काखेतून निघून दंडावरून पार कोपरापर्यंत, बाजेचा सुंभ आवळावा तशी. एक नाही, दोन. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "काखेच्या ऑपरेशननंतर धरतात अशा दोऱ्या काहींना. सुटतात. पण हात जपत बसलात तर आखडेल."

जपत बसू नका म्हणे! ब्लाऊजची बाही चढवताना रोज रडकुंडीला येते. टॉवेल वाळत घालायला स्टुलावर चढते. आंबीच्या कंपनीत चौदा वर्षं पॅकिंगला आहे मी, डोक्यावरच्या थप्पीवर खोकी चढवलीत, आणि आता माझा हात माझ्या कानापर्यंत जात नाही! भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर वर चालवायची, हा व्यायाम. जिथे पोचतील तिथे पेन्सिलीने रेघ मारते. काल कपाळाच्या वर गेली होती, आज नाकापाशी अडकली. भिंतीला लाथ मारावीशी वाटते. परवा मारलीही. अंगठा सुजला.

त्यात तुझे जावई. सगळे डबे त्यांनी खालच्या कप्प्यात आणून ठेवले. "मी देतो ना काढून, तू बस." बस, बस, बस! मी ओरडले, "मला बसवू नका!" बिचारे हातात चहाची गाळणी घेऊन उभेच राहिले. त्यांना तरी काय बोलू? आजारी माणसाची सेवा कशी करायची हे ते माझ्याकडूनच शिकले. मी तुझी केलेली त्यांनी पाहिली होती.

सगळं अडलंय ते शेकावर, रेडिएशनवर. तुला ठाऊक आहे शेक कसा देतात. हात डोक्यावर नेऊन मशीनखाली हलायचं नाही, निपचित पडायचं. माझा हात तितका वर जात नव्हता म्हणून पहिली तारीख पुढे ढकलली. आता सोमवारची दिलीय. मॅडम म्हणतात अजून चार बोटं वर यायला हवा. चार बोटं गं! त्यासाठी दिवसातून पाच वेळा भिंतीशी कुस्ती चाललीय.

रविवारी मावशी वडिवळ्याहून आली, नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन. मी भिंतीशी उभी होते. ती दारातच थबकली, पिशवीसकट.

"आक्कालाबी हेच सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

"कधी?"

"शेकाला गेलतो तवा. मिशनीखाली निजवली, पन हात काय वर जाईना. दोन आठवडं कसरत करा आन मग या म्हनले."

"मग?"

"मग कुटलं काय! येताना गाडीत मला म्हनली, पोरीला सांगू नगं. ती लय करती माजं. तिला वाटंल, आपलंच चुकलं."

आई, तू घरी आलीस, चप्पल काढलीस आणि मला म्हणालीस, "झाला शेक. एकदाच पुरं म्हनले." मी विश्वास ठेवला! कुणाचा शेक एका दिवसात होतो गं? मला कळत नव्हतं, तुला तर कळत होतं! मी आनंदाने वाडीत साखर वाटली. ती वाटताना बघत होतीस तू.

मावशी गेल्यावर मी तुझी जुनी फाईल काढली. त्यात व्यायामाचा कागद निघाला, चित्रांचा. घडीसुद्धा मोडलेली नाही. मीच ठेवला होता तो, हरवू नये म्हणून!

आपल्याकडे माणसाला जपायचं म्हणजे त्याला हलू द्यायचं नाही. बाळंतीण असो नाहीतर पाय मोडलेला गडी असो, त्याला बाजेवर टाका आणि तोंडात घास घाला. तेच मी केलं. दोन महिने रजा टाकून तुला बाजेवरून उतरू दिलं नाही. टाके तुटतील म्हणून जुन्या लुगड्याची झोळी करून तुझा हात गळ्यात अडकवला. वेणी मी घालायचे, भात मी कालवून द्यायचे. बाया म्हणायच्या, "लेक आसावी तर आशी!" मला किती गोड वाटायचं ते. त्या गोडीत तुझा हात आखडत गेला.

भात झोडणीच्या दिवशी तू खळ्यावर आलीस, एक पेंढी उचललीस, ती खांद्याच्या वर जाईना. आणि मी धावत येऊन तुझ्या हातातून ती हिसकावली. सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्या आईला कामं सांगायची नाहीत!" तू काही बोलली नाहीस. बांधावर जाऊन बसलीस.

का नाही बोललीस? "सोड माजा हात" एवढं म्हणाली असतीस तरी पुरे होतं! मी चिडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, मग तुला भिंतीशी उभं केलं असतं. सरपंचाला तोंडावर सुनावणारी बाई तू, पोटच्या पोरीची कसली भीड? भीड भिकेची बहीण, हे तूच शिकवलंस ना मला?

मी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा शेक झाला असता तर आई वाचली असती का? म्हणाले, सांगता येत नाही. हो म्हणाले असते तर स्वतःला शिव्या घातल्या असत्या, नाही म्हणाले असते तर मोकळी झाले असते. हे "सांगता येत नाही" घेऊन मी कुठे जाऊ?

आणि आता जे लिहायचंय ते लिहायला दोन दिवस टाळाटाळ करतेय. तुझी नात मैत्री बारावीला आहे. माझी पहिली तारीख पुढे गेली तेव्हा तिची परीक्षा तोंडावर होती. मी यांना म्हटलं, पोरीला सांगू नका. आणि तिला सांगितलं, शेक सुरू झाला. रोज फिजिओला जाते ते तिला वाटतं, आई शेकाला जाते. परवा मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "माझी आई खूप स्ट्राँग आहे, अर्धा शेक संपत आला." मी आत कांदा चिरत होते. चिरतच राहिले. तुझीच लेक ना!

तुझ्यावर रागावले आहे, आई. तो राग जाणार नाही, जावा असंही वाटत नाही. मला तू हवी होतीस, तुझी माया नंतरही चालली असती.

सोमवारी हात वर जाईल की नाही, मला माहीत नाही. त्याचं वचन कसं देऊ? एवढंच देते. मैत्री पाच वाजता क्लासहून येईल. तिला समोर बसवून सांगेन, बाळा, मी खोटं बोलले, शेक अजून सुरूच झालेला नाही. ती रडेल. माझ्यावर ओरडेल. ओरडू दे. माझ्यासमोर ओरडेल ना!

पावणेपाच झालेत. थांबते.

तुझीच,
सुनंदा