उरलेली माती

अण्णा, काल मिरजगावला गेले होते. तुमच्या घराच्या मोरीकडच्या कोपऱ्याला माणूसभर खोल खड्डा खणलाय. धाकट्या भावाला घरावर मजला चढवायचाय, म्हणून नगरहून माती तपासणारा इंजिनियर बोलावला होता. तो खड्ड्यात उतरला आणि खालूनच म्हणाला, इथं सगळी काळी मातीच आहे, मुरूम अजून लागलेला नाही, आणि पाया तर कमरेएवढ्यावरच थांबलाय. मजल्याचा विचार सोडा.

जागा पारखायची तुमची परीक्षा मला आठवते. हातभर खड्डा घ्यायचा, निघालेली माती त्यातच परत लोटायची, पायानं दाबायची. उरली तर जागा भरभराटीची, कमी पडली तर सोडून द्यायची. जागा दाखवायला लोक तुम्हाला मोटारसायकलवर बसवून न्यायचे. आपल्या जागेवर मी फ्रॉक सावरत उभी आहे, माती ढिगानं उरलीय, आणि तुम्ही सगळ्यांकडं बघत म्हणताय, "उरली का न्हाई?" उरणारच, अण्णा. खणलेली माती मोकळी होते, काळीची ढेकळं तर त्याच खड्ड्यात परत मावत नाहीत. गवंड्यानं मुरमापर्यंत जायचं का म्हणून विचारलं, तुम्ही त्या ढिगाकडं बोट केलंत. कमी खणावं लागणार म्हणून तोही खूश.

मग भिंतींना भेगा पडल्या. तुम्ही आईच्या मोरीकडं बघितलंत. मोरीचं पाणी मागं जिरायचं, तिथं तिनं अळू लावलं होतं, एक केळ होती. "तुझ्या मोरीनं घर खाल्लं," तुम्ही जेवताना म्हणालात. "मग भांडी काय तुमच्या पारावर घासू?" ती म्हणाली आणि आम्ही पोरं हसलो. तुम्ही ताट सरकवून उठलात. दुसऱ्या दिवशी केळ उपटली, अळू उपटलं, मोरी बुजवली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तोच कोपरा असा फाटला की चुलीपाशी बसून बाहेरचं ऊन दिसायचं. आई त्यात चिंध्या कोंबायची. भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती हापशावर जायची, म्हातारपणीसुद्धा. आल्यागेल्याला तुम्ही भेग दाखवायचात आणि म्हणायचात, "बाईमानसाला पान्याची किंमत न्हाई." ती पदर तोंडाला लावून आत जायची.

इंजिनियरनं काल समजावून सांगितलं. ही माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते. एखादा कोपरा वर्षानुवर्षं ओला असेल आणि अचानक त्याचं पाणी तोडलं, तर माती खाली बसते, तिच्याबरोबर भिंतही. म्हणजे पहिल्या भेगा तुमच्या उथळ पायाच्या, आणि शेवटची, सगळ्यात मोठी, तुमच्या रागाची. मोरीचं पाणी निर्दोष होतं असं मी म्हणत नाही. एकाच कोपऱ्याला पाणी मिळणं वाईटच. पण आई मरेपर्यंत धरून बसली की घर तिनं फोडलं. दवाखान्यातही ती मला म्हणाली, "माज्या हातानं वाटोळं झालं गं घराचं." मी नुसती तिचा हात धरून बसले, कारण मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मान्य. तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसताना दोष कुणावर टाकायचा, ते मात्र तुम्हाला नेमकं ठाऊक होतं.

हे सगळं ऐकून धाकटा काय म्हणाला सांगू? "अण्णांनी बघून दिलेली जागा हाय. ह्यो इंजिनेर आज आलाय." आणि वहिनीकडं वळून, "तू आधी ते कपड्याच्या मशीनचं पानी भिंतीला सोडायचं बंद कर." वहिनी पदरानं ओले हात पुसत राहिली. तोच कोपरा, तेच वाक्य. माझ्या अंगाचा भडका उडाला. "घर आईनं नाही फोडलं, अण्णांनी फोडलं," मी ओरडले, "आणि आता तू हिच्या माथी मारतोयस!" शेजारी कुंपणापाशी आले. धाकटा म्हणाला, "मेलेल्या मानसावर कशाला बोलती ताई?" मी म्हटलं, मेलेल्या बाईवर तू इतकी वर्षं बोलतोयस ते?

मग वहिनीच म्हणाली, "वर माळावर आपली जागा हाय, तितं बगू की. मला न्हाई ह्या घरावर मजला पायजे. पोरं खाली झोपत्यात." धाकट्यानं मान हलवली नाही, पण टिकाव उचलला.

माळावर थोडं खणताच मुरूम लागला. इंजिनियरनं पिशव्यांत नमुने भरले, तपासून कळवतो म्हणाला. सगळे चहाला खाली गेले. हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही, धाकट्याला तर नाहीच, म्हणून पुढचं लिहिते. मी मागं थांबले, निघालेला मुरूम खड्ड्यात लोटला, चप्पल काढून पायानं दाबला. उरला, अण्णा. उरणारच होता, हे मला माहीत होतं. तरी बरं वाटलं.