तिसरी बशी

सोलापूर, बुधवार, ता. १३ एप्रिल १९३२

संध्याकाळ झाली तरी डोके शांत होत नाही.

मामांनी दुपारी अमेरिकन खाणावळीत नेले. मालक पूर्वी अमेरिकन पाद्रीसाहेबाचा स्वयंपाकी होता, म्हणून गल्लीने ठेवलेले नाव. "शांता जाऊन महिना झाला, बायकोच्या दुःखात किती दिवस कोंडून घेशील? चल, कटलेट खाऊ."

टेबलावर तीन बश्या. दोघांना तीन कशाला? मी विचारले नाही. का नाही विचारले?

मग वळसंग गावचे एक गृहस्थ तिसऱ्या बशीपुढे येऊन बसले आणि मला न्याहाळू लागले.

"प्रकृती ठणठणीत हाय न्हवं जावयबापूंची?"

मामा हसले. "यांची मुलगी गुणी आहे रे. वैशाखातच उरकून टाकू."

उरकून टाकू! जणू अंगण सारवायचे आहे. तोंडातला घास बाहेर जाऊन थुंकलो आणि तसाच घरी आलो.

आई दारातच उभी. "पसंत पडले का पाहुणे?"

म्हणजे ती तिसरी बशी आईनेही मांडली होती. आजवर तिला उलटून बोललो नव्हतो.

"आई, मी मेलो असतो, तर शांतेला कुठल्या खाणावळीत नेलं असतंत?"

आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. बाबा गेले तेव्हा ती वीस-बावीसची असेल.